सामायिक माळावरची भागीवयनी

भागीवयनीला ‘बस’ म्हटलं की ती उभी राहायची. ‘जेव’ म्हटलं की म्हणायची, "आत्ताच जेवले," आणि चुलीकडं बघावं तर राख थंड. ‘आज जाऊ नको’ म्हटलं की पायात चपला. जन्मभर मी बैलं हाकली. त्यांत मारकी होती, बसकी होती, जू टाकून पळणारी होती. पण भागीवयनीइतकं आडमुठं मी काही पाहिलं नाही. हे मी तिच्या तोंडावर पुष्कळदा बोललोय, म्हणून इथं लिहायला मला कुणाची भीती नाही. तिनं उत्तरही तोंडावरच दिलं होतं.

"भावजी, समदे बैल तुमच्याच हातात आडमुठे झाले. त्यात बैलाची काय चूक?"

ती माझ्या चुलतभावाची, गणपतदादाची बायको. नात्यानं वयनी, वयानं माझ्याहून बरीच लहान. आमची घरं एका ओळीत, मधे कुडाची एकच भिंत. तिच्या चुलीवर मिरची भाजली की ठसका मला लागायचा. अंगानं बारीक, कमरेला कायम कोयती. नाकात चमकी राहिली नव्हती, नुसतं भोक होतं, आणि विचार करताना त्या भोकावर बोट ठेवायची सवय. शिवी द्यायच्या आधी डोक्यावरचा पदर सारखा करायची. पदराकडं हात गेला की शहाणी माणसं उठून जायची.

आणखी एक खोड म्हणजे वाईट बातमी सांगायच्या आधी ती हसायची. गणपतदादा तुर्भ्याला ट्रकवर ड्रायव्हर होता. शेवटी वाळून वाळून काठी झाला आणि गेला. तेव्हा दवाखान्यात वयनीचंही रक्त तपासलं आणि तिला एका बाजूला नेऊन सांगितलं, तुम्हालाही एचायव्ही आहे. ती घरी आली ती हसत. माझ्या बायकोला म्हणाली, "जाऊबाय, कुणाच्या नवऱ्यानं काय ठेवलं, कुणाच्या काय. आमच्या ह्यांनी ही ठेव ठेवली." मग रात्रभर भिंतीपलीकडून आवाज नाही. सकाळी नेहमीसारखी शेण गोळा करायला बाहेर.

बायकोनं मला सांगितलं. मी कुणाला सांगितलं नाही. तरी चार दिवसांत वाडीला कळलं. कुडाच्या भिंतीतून काय राहतं? पण वाडीनं एक केलं. कळलं ते गिळून टाकलं. "भागीची छाती धरते," एवढंच म्हणायचे. लावणीला तिला बोलवायचे, तिच्या हातची नाचणीची भाकरी खायचे, तिच्या हातून पोरांची दृष्ट काढून घ्यायचे. आणि वयनीला पक्कं वाटत होतं की जाऊबाय सोडून कुणाला म्हणून ठाऊक नाही. दोन्हीकडून असं छान नाटक चाललं होतं. मला त्याची चीड यायची. पण नाटक बंद पाडणारा मी कोण?

आता गाव सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. पोलादपुरातून कुडपणाकडं डोंगर चढायला लागलं की आमचं गाव लागतं. गाव एक, देऊळ एक, भावकी एक, पण वस्त्या दोन. रस्त्याला लागून खालची आळी. तिथल्यांची पोरं आधी मुंबईला गेली, पैसा आधी आला. स्लॅबची घरं, आळीला नळ, दोघातिघांकडं जीप. नर्सबाई आळीत येते, चहा पिते, डोंगराकडं बघते आणि म्हणते, "वरच्यांना निरोप द्या." वर म्हणजे आम्ही, वरची वाडी. उतरताना गुडघे बोलतात, चढताना छाती. पाणी झऱ्याचं, तेही शिमगा सरला की वाटीनं भरायचं. वीज आहे, पण वारा आला की नाही.

वयनीला औषधाला महाडला जावं लागायचं. पहाटे उतरायचं, गाडी धरायची, रांगेत बसायचं, परत येऊन डोंगर चढायचा. एकदा मी बरोबर गेलो, कारण तिला ताप होता आणि ती म्हणत होती की नाही. औषधाच्या खिडकीपुढच्या बाकड्यावर एक शेठ बसला होता. महाडातलाच, लोखंडी सामानाचं दुकान, गाल सफरचंदासारखे. तो आमच्या आधी कितीतरी वर्षं तीच गोळी खात होता. मी तर चाट पडलो. मला वाटत होतं या रोगाचा माणूस वयनीसारखाच दिसतो, हाडं मोजावीत असा.

शेठ चांगला माणूस. आपलेपणानं बोलला. "बाई, घाबरू नका. मला बघा. गोळी वेळेवर घ्यायची, दूध-अंडी, फळं खायची, आणि रोज सकाळी चालायला जायचं."

वयनीनं नाकाच्या भोकावर बोट ठेवलं. "चालायला? कुठं?"

"कुठंही. मोकळ्या हवेत. तासभर."

"शेठ, मी हितवर चालूनच आले. हवा बी लय मोकळी होती."

शेठ हसला आणि त्याचं नाव पुकारलं. खिडकीतून त्याला जी डबी दिली तीच वयनीला दिली. रंग तोच, झाकण तेच. तो स्कूटरला किक मारून जेवायच्या वेळेला घरी. आम्ही घरी पोचलो तेव्हा दिवे लागले होते आणि वयनीला पाण्याला जायचं होतं. मी म्हटलं, आज मी आणतो पाणी. तर म्हणाली, "लोक काय म्हनतील? भागीला काय झालंय?" घ्या! दातखिळी बसेपर्यंत ताप, आणि हिला लोकांची काळजी.

तिथली समजावणारी बाई वयनीला दर वेळी बजावायची, गोळी रोज रात्री ठरलेल्या वेळेलाच घ्यायची, वेळ चुकवायची नाही. बाई भली होती, पण तिला काय ठाऊक की भागीवयनी शब्द कसा धरते. वयनीनं धरलं ते असं की चुकीच्या वेळेला घेतली तर गोळी उलटते. न घेतलेली बरी, पण अवेळी नको. आता ठरलेली वेळ कशी कळावी? बाई म्हणाली मोबाईलला गजर लावा. मी माझा जुना फोन दिला. दोन दिवस गजर वाजला, भिंतीपलीकडून मला ऐकू आला. तिसऱ्या दिवशी फोन तांदळाच्या डब्यात.

"का गो वयनी?"

"रोज एकाच टायमाला वाजतो मेला. शेजारची म्हातारी इचारते, भागे, रोज कुनाचा फोन येतो?"

मग तिनं आपली युक्ती काढली. महाडहून आमच्या गावात वस्तीची गाडी यायची. म्हणजे संध्याकाळी येणार, खालच्या आळीत मुक्काम करणार, पहाटे परत जाणार. वळणावर आली की ड्रायव्हर लांबलचक हॉर्न द्यायचा. तो वरच्या वाडीत सगळ्यांना ऐकू यायचा आणि सगळी वाडी त्यावर चालायची. हॉर्न झाला की कोंबड्या झाकायच्या, पोरांना हाक मारायची, भात उतरवायचा. वयनीनं गोळी त्या हॉर्नला बांधली. हॉर्न झाला की सगळेच उठतात, मग भागी उठून आत गेली तर कोण विचारणार? मी हे ऐकलं तेव्हा मला, खरं सांगतो, कौतुक वाटलं. गाडी थोडी मागंपुढं व्हायची, पण गोळी चालू होती. अंगावर थोडं मांसही दिसायला लागलं.

मग तळीयेवर दरड आली तो आषाढ उजाडला. आमच्याकडंही डोंगर ठिकठिकाणी सुटले. रस्ता वाहून गेला, महाड पाण्याखाली. गाडी बंद. रस्ता उघडायला पुष्कळ दिवस गेले. पुढं गाडी येतेय येतेय म्हणेपर्यंत एसटीचा संप झाला. तोही संपेना. आम्ही वरचे लोक पिकअपच्या मागं उभे राहून पोलादपूर गाठत होतो. वयनीही दोनदा तशीच जाऊन औषध घेऊन आली. मी म्हटलं, चला, ही तरी शुद्धीवर आहे.

थंडी पडली आणि तिला खोकला लागला. मग ताप. मग उठेना. माझी बायको तिच्याकडं निजायला जायची. एक दिवस ती हातात डब्या घेऊन माझ्यापुढं उभी राहिली. तांदळाच्या डब्यामागून काढलेल्या. सगळ्या भरलेल्या. एकीचं तर झाकणही फोडलेलं नाही.

मी भिंतीपलीकडं गेलो. "वयनी, ह्या गोळ्या का हायत हितं?"

ती हसली. तेव्हाच मी समजलो.

"गाडीच आली नाय भावजी. मग कशी घेऊ? अवेळी घेतली नि उलटली म्हंजे?"

दुसऱ्या कुणाला सांगितलं तर हसेल. पण मी सांगतो, हसू नये. सगळ्या वाडीला जे ठाऊक होतं ते वाडीपासून लपवायला ही बाई गाडीच्या हॉर्नवर जगत होती, आणि हॉर्न बंद झाल्यावर महिनोन् महिने गोळ्या समोर ठेवून बसली होती. औषध आणायला धडपडत जाते, आणते, आणि खात नाही! मी खूप ओरडलो. माझ्या आयुष्यात आजारी माणसावर इतकं कुणी ओरडलं नसेल. ती ऐकून घेत होती आणि शेवटी म्हणाली, "हळू बोला. भिंतीला कान हायत."

"भिंतीला कान हायत, म्हनूनच समद्यांना ठाऊक हाय!" मी म्हटलं. "पहिल्या आठवड्यापासून ठाऊक हाय!"

तिनं भोकावर बोट ठेवलं. मग म्हणाली, "शेजारच्या म्हातारीला बी?"

"तिला पहिलं."

"आन तरी माझ्याकडनं तंबाखू मागून खाती?"

"खाती."

तिनं भिंतीकडं तोंड केलं.

तिला खाली न्यायचं होतं. वाडीत आजाऱ्याला डोलीतून उतरवतात, एका लांब बांबूला घोंगडी बांधून. मी दारात उभा राहून हाक मारली तर चौघांची गरज होती तिथं आठ आले. कुणी विचारलं नाही काय आजार, कुणी नाक धरलं नाही. खांदा बदलत बदलत त्यांनी तिला रस्त्यावर आणलं. ती डोलीतून सांगत होती, "डाव्या अंगाला दगड हाय रे, माझी हाडं तुमच्या बापाची नाय."

आणि रस्त्यावर आलो तर खालची आळी. बातमी तिथंही कधीच उतरली होती. नळ आहे, टीव्ही आहे, शिकलेली पोरं आहेत. जीपवाला म्हणाला, "काका, सीटवर प्लास्टिक टाकायला लागेल." मी म्हटलं, "कशाला रे? भिजलीय का ती?" म्हणाला, "तसं नाय, पण पुढं लग्नाचं भाडं हाय." तीन बायका पडवीत उभ्या होत्या, त्या आत गेल्या. दार लावून घेतल्याचा आवाज वयनीनं ऐकला. मी पाहिलं की ऐकला. प्लास्टिक आणलं, टाकलं, आणि तेही आम्हीच टाकलं.

महाडला डॉक्टर म्हणाले, क्षय धरलाय. मग विचारलं, "गोळ्या मधेच का सोडल्या?"

"मी नाय सोडल्या," वयनी म्हणाली. "गाडीनं सोडल्या."

डॉक्टर माझ्याकडं बघायला लागले. मी छताकडं बघायला लागलो. शिकलेल्या माणसाला हे कसं समजवायचं? आणि समजवायचं तर आधी आमचा डोंगर उचलून त्याच्या टेबलावर ठेवायला लागेल.

ती वाचली, पण बाहेर पडताना डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "काका, हिला परत वर ठेवू नका. पाणी वाहायचं नाही, चढायचं नाही. औषध आता दुहेरी आहे. रस्त्याजवळ राहायला हवं. नाहीतर पुढच्या वेळी डोली पोचणार नाही." हे मी तिला जसंच्या तसं सांगितलं. रस्त्याला लागून माझा एक पेंढा ठेवायचा मांगर होता. म्हटलं, पेंढा काढतो, भिंती लिंपून देतो, तू तिथं राहा.

तर नाही म्हणाली.

"का?"

"तो तुमचा मांगर."

"मग काय वाघाचा पायजे?"

"भावजी, वर मला मानसं वळखतात. खाली माझा रोग वळखतात. तिथं मी तुमच्या मेहेरबानीवर ऱ्हायले तर उद्या कुनीबी उठून म्हनंल, निघ हितनं. आमच्या ह्यांचा वाटा हाय ना रस्त्याच्या माळात? मला त्यातला कोपरा पायजे. माझा. मग मी उतरते."

आता हा माळ म्हणजे आमच्या भावकीचं जुनं दुखणं. रस्त्याकडेची मोकळी जागा, देवळाला लागून, सगळ्या भावकीची सामायिक. वाटण्या कधी झाल्या नाहीत, कारण वाटणी करायची म्हटलं की मुंबईकर हवेत, आणि मुंबईकर येतात शिमग्याला नाहीतर गणपतीला. शिमग्याला पालखी नाचवायची असते, गणपतीला नाचायचं असतं. माळ तसाच. मी भावकीचा पुढारी तुकाराम याच्याकडं गेलो. खालच्या आळीतला, भला गृहस्थ, कुणाला नाही म्हणत नाही आणि कुणाचं काही करतही नाही.

"बघू," तुकाराम म्हणाला. "मुंबईवाले येऊ देत शिमग्याला."

शिमगा आला. मुंबईवाले म्हणाले, गणपतीला बघू. वयनी वर. तोवर मी रोज तिचं पाणी वाहत होतो, आणि ती मला रोज सांगत होती की हंडा कसा धरायचा. मी म्हटलं, बाई, मांगरात चल, जीव वाचव, वाटणीचं वाटणी बघेल. नाही. गणपती आले. गणपतीत सगळे म्हणाले, असा अशुभ विषय सणात नको, शिमग्याला बसून बोलू. मी घरी येऊन लाथ मारून हंडा उडवला. तो तिचाच होता, पोचा पडला. तिनं तो पोचा मरेपर्यंत मला दाखवला.

त्या पावसाळ्यात तिचा खोकला परत वाढला. मधेच उतरणीवर बसून राहायची. मी विचारलं तर, "डोंगर बघत होते." आयुष्य त्या डोंगरावर गेलं, आणि डोंगर बघते!

मग तो शिमगा. देवळापुढं सहाणेवर, म्हणजे पालखीच्या चौथऱ्यावर, पालखी बसली होती. खाली गोलात पुरुष मंडळी. मुंबईकरांच्या मंडळाचा अध्यक्ष विलास मुंबईहून आलेला, पांढरे बूट. गावकीत बायका बसत नाहीत. वयनी आली आणि गोलाच्या मधोमध उभी राहिली. डोक्यावरचा पदर तिनं सारखा केला. मी मनात म्हटलं, मेलो.

पण शिवी नाही दिली. म्हणाली, "इलास, माळाचं काय ठरलं?"

"काकी, टेन्शन नाय घ्यायचं," विलास म्हणाला. "हा इश्यू आपण प्रॉपर मीटिंगमधे घेऊ. सगळ्यांना विश्वासात घेऊन."

"कवा?"

"आता गणपतीला."

"गेल्या गनपतीला शिमगा म्हनलास. आता शिमग्याला गनपती म्हनतोस. देव येतात नि जातात, तू हायस तसाच."

काही जण हसले. तुकाराम म्हणाला, "भागे, बघू ना. कुठं पळून चाललाय माळ?"

"माळ नाय चालला," वयनी म्हणाली. "मी चाललेय. डाक्टरनं भावजींना सांगितलंय, पुढल्या वक्ताला डोली पोचनार नाय. तुमी बघा. बघू म्हननाऱ्यानं बघतच ऱ्हावं."

आणि ती वळून सरळ माळावर गेली. कडेला पहार पडली होती. ती तिनं पहाटेच आणून ठेवली असणार. तिच्या घरामागं ऐनाच्या लाकडाच्या चार मेढी सोलून ठेवलेल्या मी पाहिल्या होत्या, मला वाटलं गोठ्याचे खांब बदलायचेत. त्याही तिथं होत्या. वाडीतल्या कुणीतरी उतरवल्या असतील, आजवर कुणी कबूल केलेलं नाही. वयनीनं पहार उचलली आणि खड्डा खणायला लागली. दोन घाव घातले की खोकायची, परत दोन घाव.

विलास उठला. "अरे, हे काय चाललंय? थांबवा कोणीतरी तिला!"

कुणी उठेना.

"तुकारामकाका, जा ना!"

तुकाराम गेला. तिच्याजवळ पोचला. हात पुढं केला, आणि तो हात तिथंच हवेत राहिला. थांबवायचं तर तिचा हात धरावा लागला असता. पहार काढून घ्यायची तर तिच्या बोटांतून सोडवावी लागली असती. जी माणसं तिला बघून दारं लावत होती, तीच आता तिला अडवायला हवी होती, आणि हात लावायची तयारी एकाचीही नव्हती.

वयनीच्या हे ध्यानात आलं. सगळ्यांच्या आधी आलं. तिनं पहार रोवून ठेवली आणि दोन्ही हात पुढं केले, बांगड्या भरायला करतात तसे.

"धरा," ती म्हणाली. "धरा की हात. तुकारामभावजी? इलास, तू धरतोस? ये बाबा, शिकलेला हायस तू."

विलासनं मोबाईल काढून त्यात काहीतरी बघायला सुरुवात केली. तुकाराम मागं सरकला. वयनी हसली, खदखदून हसली, आणि परत पहार घेतली.

मग वरच्या वाडीतली माणसं उठली. एकानं पहार तिच्या हातातून घेतली, अगदी सहज, बोटाला बोट लागलं. दुसऱ्यानं मेढ उभी केली. मीही गेलो. मी धरलेली मेढ बघून ती म्हणाली, "वाकडी हाय. भावजींना सरळ काय जमतच नाय." पालखी तिथंच बसलेली होती. देवासमोर मेढ पुरली म्हटल्यावर ती उपटायची कुणाची छाती झाली नाही. विलास म्हणाला हे चुकीचं उदाहरण आहे. असेल. गावकीनं अजून ठरवलेलं नाही. बघू म्हणतात.

वाडीनं पाडवा व्हायच्या आत कूड बांधला, तिच्या जुन्या घराचे पत्रे उतरवून वर घातले. ती खाली राहायला आली.

पहिल्या दिवशी नळावर गेली तर बायकांनी आपापले हंडे उचलले आणि लांब जाऊन उभ्या राहिल्या. नळ वाहतोय, कोणी नाही. वयनीनं आपला पोचा पडलेला हंडा भरला. मग कळशी आणली, ती भरली. मग बादली. मग सोबतीला उतरलेल्या माझ्या बायकोची बादली. बायका तिष्ठत उभ्या. मी विचारलं, "वाईट वाटलं का गो?" म्हणाली, "वाईट कसलं? रांगच नाय. लय सोय हाय." पण त्या रात्री ती जेवली नाही, हे माझ्या बायकोनं सांगितलं. चारपाच दिवस तिनं असा नळ अडवून धरल्यावर बायकांच्या ध्यानात आलं की लांब उभं राहून आपल्याच घरात पाणी नाही. मग हंडे परत जवळ आले. खालची आळी सुधारली असं मी लिहिणार नाही. सुधारलेली नाही. आळीला सवय झाली, एवढंच.

पण वयनी भरली. पाणी दारात, गाडी दारात, महाडला जाऊन दुपारच्या भाकरीला परत. नर्सबाई आता तिच्या दारावरून जायची, तिला टाळता येईना. गोळी ती उंबऱ्यात बसून घ्यायची, येणाऱ्याजाणाऱ्यासमोर, तांब्या उंच करून. रक्त तपासलं तर डॉक्टर म्हणाले छान. वयनी मला म्हणाली, "शेठासारखे गाल व्हायला लागले की सांगा, म्हंजे मी बी लोकांना चालायला जा म्हनून सांगंन." मी तिला म्हटलं, हेच वर्षभर आधी माझ्या मांगरात आली असतीस तर? छाती वाचली असती. तर म्हणाली, "छाती वाचली असती, पन ही ऱ्हायली नसती," आणि दारातल्या मेढीवर थाप मारली. अजूनही मला वाटतं मीच बरोबर होतो.

कारण छाती त्या वर्षी धरली ती पुरती सुटलीच नाही. जे आत फाटलं होतं ते गोळीनं शिवलं नाही. तीन पावसाळे ती माळावर काढू शकली. मग एका सकाळी, तिच्या सोबतीला निजलेली माझी बायको वर धापा टाकत आली, वयनीला श्वास पुरत नाही. मी उतरलो तोवर रुग्णवाहिका येऊन तिच्या दारात उभी होती. नर्सबाईनंच फोन केला होता. महाडला पोचल्यावर दुसऱ्या दिवशी ती गेली. डॉक्टर मला म्हणाले, वेळेवर आणलंत. वेळेवर! वयनीची पोरगी खेडला दिलेली, ती आली, सासरची माणसं बरोबर नव्हती.

मी तिला शेवटची पाहिली ती त्या सकाळी. ड्रायव्हर आणि त्याच्या जोडीचा स्ट्रेचर घेऊन दारात उभे, आणि ती उंबऱ्यात उभी राहून पदर खोचतेय. धाप इतकी की दोन शब्दांत एक श्वास.

"आजी, यावर झोपा," ड्रायव्हर म्हणाला.

"नाय."

"अहो, नियम आहे. मागं झोपून न्यायचं."

"मागं झोपून गेलेली लय पायलीत मी. म्होरं बसते."

मी ओरडलो, "वयनी, आज तरी ऐक गो!" तिनं माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं की मीच बाजूला झालो. चालत गेली. आपल्या दारातून गाडीपर्यंत, कुणाचा हात न धरता. ड्रायव्हरनं वैतागून पुढचं दार उघडलं. बसली. मग खिडकीतून मला म्हणाली, "दार वढून घ्या. सांजंला कोंबड्या झाका. आन तोंड पाडू नका, ते आधीच बरं नाय."

रस्त्याच्या पलीकडं तुकाराम येऊन उभा राहिला होता, पैरणीची बटणं लावत. त्याला पाहिल्यावर वयनीनं ड्रायव्हरच्या दंडावर हात ठेवून गाडी थांबवली. बोलायला श्वास नव्हता. तिनं हात खिडकीबाहेर काढला, आणि देवळाच्या कोपऱ्यापासून फणसापर्यंत, फणसापासून रस्त्यापर्यंत, हळूहळू बोट फिरवून तुकारामाला दाखवलं, तिचं कुंपण कुठून कुठं येणार ते.